देवळाच्या तळीतली कुमुदिनी: सगळी काढायची, सगळी ठेवायची, की मोजून काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं मूळ गाव राजापूर तालुक्यात, राहायला ठाण्याला. गावात देवळाला लागून जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी तळी आहे. गेल्या तीन पावसाळ्यांत तिच्यावर हृदयाच्या आकाराची पानं पसरत गेली आणि आता निम्म्याहून जास्त पाणी झाकलंय. रुपयाच्या नाण्याएवढी, पांढरी, केसाळ फुलं येतात. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो ही जलपर्णी आहे, डास होणार, मे महिन्यात जेसीबी लावून तळ साफ करू. दुसरा म्हणतो देवाची कमळं आहेत, हात लावायचा नाही. यांना स्वतःला एक-दोन रोपं ठाण्याच्या गॅलरीत न्यायची आहेत. तर काय करावं?

दोन्ही तट चुकलेत. पण जेसीबीवाला तट जास्त चुकलाय, कारण कमळ म्हणून पूजा केली तर तळीचं नुकसान सावकाश होतं, मशीन घातलं तर एका दुपारीत होतं.

मी वीस-बावीस वर्षं सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत तळ्या, शेततळी, पाणी भरलेल्या जुन्या चिरेखाणी यांच्या साफसफाईचं आणि पाणवनस्पती लावण्याचं काम करतोय. फोटो न बघता झाडाचं नाव सांगू नये हे खरं, पण तुम्ही ‘केसाळ पांढरं फूल’ लिहिलंत तिथे प्रश्न जवळजवळ सुटला. ही कुमुदिनी. शास्त्रीय नाव निम्फॉइडीस इंडिका. साताऱ्याच्या कास पठारावर लोक रांगा लावून जे कुमुदिनी तळं बघायला जातात, त्यातलंच हे झाड. तुमच्या गावात ते फुकट उगवलंय आणि त्याला तण म्हणतायत.

तरी खात्री करून घ्या. काठावरून हाताला येईल असं एक पान धरून ओढा. जलपर्णी असेल तर अख्खं झाड मुळांसकट हातात येईल, खाली काळसर मुळांची झुपकेदार शेपटी लोंबत असेल, आणि देठ फुग्यासारखा फुगलेला, दाबला तर आतून स्पंजासारखा. तिचं फूल फिकट जांभळं, मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असलेलं. कुमुदिनी अशी हातात येत नाही. देठ ताणला जातो, हाताला खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं लागतं, आणि मग तुटतो. कारण ती तळाच्या चिखलात रुजलेली आहे. तरंगतं ते फक्त पान. एवढा एक फरक गावात सगळ्यांना दाखवलात तरी निम्मं भांडण मिटेल, कारण जी झाडं पाण्यावर मोकळी तरंगतात आणि जी तळाला रुजून फक्त पान वर ठेवतात, त्यांचा तळीवरचा परिणाम आणि काढायची पद्धत दोन्ही वेगळी.

आता तुटलेलं पान उलटं करून बघा. देठ पानाला जिथे मिळतो त्याच्या जरा खाली, देठावरच, कळ्यांचा घोस दिसेल. दहा-पंधरा बारीक कळ्या, एकेकीचा देठ वेगळा, सगळ्या एकाच गाठीतून निघालेल्या. वरून बघताना वाटतं फूल पानाच्या खाचेतून आलंय. कमळाचं किंवा पाणलिलीचं फूल असं येत नाही, त्यांचा प्रत्येक देठ थेट तळातल्या कंदापासून निघतो. कुमुदिनीच्या या गाठीकडे नीट लक्ष द्या, पुढे दोनदा तिचा विषय येणार आहे.

फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. एक दिवसाचं आयुष्य. पाच पाकळ्या, क्वचित जास्त, मध्ये पिवळा गळा, आणि पाकळ्यांवर पांढरी लव इतकी दाट की लांबून कापसाचा बोळा पडल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी तोच देठ वाकून पाण्याखाली गेलेला असतो, फळ तिथे खाली पिकतं. घोसातली पुढची कळी तोवर वर आलेली असते, त्यामुळे आपल्याला वाटतं तेच फूल महिनाभर टिकलं.

फुलात आणखी एक गंमत आहे. भिंग असेल तर दोन-चार फुलांचा मध्यभाग बघा. काहींत मधली मादी काडी लांब आणि पुंकेसर आखूड असतात, काहींत बरोबर उलटं. एका रोपाची सगळी फुलं एकाच प्रकारची. लांब काडीला लांब पुंकेसराचे परागकण लागले तरच बी नीट धरतं, म्हणजे दोन्ही प्रकारची रोपं आसपास हवीत. तुमच्या तळीत सगळी फुलं एकाच प्रकारची निघाली तर समजा की अख्खा पसारा बियांतून नाही, एखाद-दुसऱ्या रोपाच्या तुकड्यांतून वाढलाय.

नावाचा घोळ इथेच सांगून टाकतो, कारण गावातला एखादा जाणता तुम्हाला नक्की अडवेल की कुमुद तर चांदण्यात फुलतं. त्याचं बरोबर आहे. संस्कृत काव्यातलं चंद्र बघून उमलणारं कुमुद ही रात्री फुलणारी पांढरी पाणलिली. ती आपल्याकडे आहे, संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटते. निळसर फुलांची दुसरी पाणलिली दिवसा फुलते, तिला आपण नीलकमळ म्हणतो, आणि गणपतीत बाजारात ‘कमळं’ म्हणून येणाऱ्या जुड्यांत या लिल्या बऱ्याचदा असतात. खरं कमळ तिसरंच. त्याच्या पानाला खाच नसते, देठ पानाच्या मधोमध छत्रीच्या दांड्यासारखा, मोठी पानं पाण्याच्या वर उभी, आणि त्यांवर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळतो. कुळ बघाल तर कमळ, पाणलिली आणि कुमुदिनी ही तिन्ही एकमेकांची कोणीच नव्हेत. कुमुदिनी वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत सूर्यफुलाच्या गणात बसते. पाण्यावर राहायचं तर पान गोल, पसरट, वरून मेणचट आणि श्वासाची छिद्रं वरच्या बाजूला असावी लागतात, म्हणून तिघींनी वेगवेगळ्या वाटेने येऊन एकच वेष घेतला. लिनियसने १७५३ मध्ये कुमुदिनीला नाव दिलं तेव्हा तिला मेनियान्थिस या प्रजातीत टाकलं होतं. आजच्या निम्फॉइडीस या नावाचा अर्थच मुळी ‘पाणलिलीसारखी दिसणारी’ असा आहे. त्यामुळे गावातले लोक फसले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्या फुलावर लव नसेल, फूल आणखी लहान असेल आणि प्रत्येक पाकळीच्या मध्यावरून कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी कड गेली असेल, तर ती तिची धाकटी बहीण, निम्फॉइडीस क्रिस्टाटा. तीही आपलीच. वागणूक जवळजवळ तशीच, पसरते मात्र जास्त चपळाईने. हीच क्रिस्टाटा अमेरिकेत शोभेचं झाड म्हणून गेली आणि फ्लोरिडात, साउथ कॅरोलायनात तळी-कालवे झाकून बसली. तिकडे ती काढायला पैसे मोजतात. आपण त्यांच्या दक्षिणेकडच्या खंडातून जलपर्णी आणली, त्यांनी आपल्याकडून ही नेली, हिशेब फिटला म्हणायचा.

आता मूळ मुद्दा. कुमुदिनी ‘तीन वर्षांत पसरली’ असं तुम्ही लिहिलंत. मला विचाराल तर प्रश्न झाडाचा नाहीच. तीन वर्षांत तळीचं काय झालं हा प्रश्न आहे.

तळाला रुजलेल्या झाडाला कोवळं पान वरपर्यंत पोचवावं लागतं. पाणी चढलं तर देठ लांबतो, पण त्याला मर्यादा आहे. माझ्या पाहण्यात आपल्या तळ्यांत कुमुदिनी साधारण दीड-दोन मीटर पाण्यापर्यंत जोमाने वाढते, त्याहून खोल भाग ती सहसा मोकळा सोडते. म्हणजे पानांचा पसारा हा तळीच्या उथळ भागाचा नकाशा आहे. पूर्वी पानं नव्हती आणि आता निम्म्यावर आहेत, याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की निम्मी तळी गाळाने भरत आली.

गाळ कुठून आला ते वर चढून बघा. तळीत पाणी येतं त्या पऱ्याच्या वाटेने डोंगरात जा. गेल्या चार-पाच वर्षांत काजूसाठी किंवा आंब्यासाठी कोणी उतारावर मशीनने टप्पे पाडलेत का? नवीन रस्ता झालाय का? राजापूर-लांज्याकडे मी जिथे जिथे गेलोय तिथे दोनांतलं एक सापडलंच. उघडी तांबडी माती आणि आपला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. माती खाली यायला कितीसा वेळ? दुसरी गोष्ट, तळीत खत कुठून येतं. वरच्या मळ्यांतला युरिया, काठावर धुतले जाणारे कपडे, आणि देवळाची तळी आहे म्हणून निर्माल्य. पोतंभर निर्माल्य तळीत टाकणं आणि पोतंभर शेणखत टाकणं यात झाडाच्या लेखी काही फरक नाही.

एक सोपी मोजणी करा. मे महिन्यात नव्हे, आत्ता, पाणी असतानाच. सरळ बांबू घ्या, त्यावर फुटाफुटावर खुणा करा. डोणी नसेल तर ट्रकच्या दोन ट्यूबांवर फळी बांधून तराफा होतो. तळीत दहा-बारा ठिकाणी बांबू हलक्या हाताने सोडा. जिथे तो पहिल्यांदा टेकतो ते पाणी. मग जोर लावून खाली दाबा, जिथे ठक्क लागून थांबतो तो मूळ तळ. दोन्हींतला फरक म्हणजे पोकळ गाळ. एका वहीत तळीचा आकार काढून आकडे लिहा आणि पानं कुठवर आहेत ती रेघ ओढा. रेघ आणि आकडे एकमेकांवर बसलेले दिसतील. ग्रामसभेत ही वही ठेवलीत की ‘जलपर्णी’ हा शब्द आपोआप बंद होतो. हा माझा अनुभव आहे.

आता जेसीबी. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या काळात देवगडच्या बाजूला एका वाडीने तळी साफ करायला बोलावलं. तुमच्यासारखीच, पानांनी भरलेली. मे महिना, तळ जवळजवळ कोरडा. मीच उत्साहाने म्हणालो, मशीन लावा, दोन दिवसांत काम. मशीनवाल्याने जांभा लागेपर्यंत खरवडलं, तळ कसा लखलखीत लाल झाला. पहिल्या पंधरवड्यात तळी काठोकाठ भरली, आम्ही फोटो काढले, मला श्रीफळ दिलं. नवरात्रात पाणी अर्ध्यावर. तुळशीच्या लग्नाला तळ दिसला. पूर्वी याच तळीत शिमग्यापर्यंत गुरं पाणी प्यायची. काठावर एक आजोबा बसले होते, ते मला शांतपणे म्हणाले, ‘तळयेचा पाणी गेला खय, ता आता तूच सांग.’

पाणी खाली गेलं होतं. जांभा हा चाळणीसारखा सच्छिद्र दगड, त्यात पाणी स्वतःहून थांबत नाही. जुन्या तळीत पाणी थांबतं ते तळाशी वर्षानुवर्षं बसलेल्या चिकण थरामुळे. हा थर म्हणजे तळीचं सारवण. भाताच्या खाचरात चिखलणी आपण कशासाठी करतो? माती मळून तिची भोकं बुजावी आणि पाणी उभं राहावं म्हणून. तळीत तेच काम गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी पिढ्यानपिढ्या केलेलं असतं. मशीनच्या दातांनी मी ते उकरून बांधावर टाकलं होतं. पुढचे दोन पावसाळे आम्ही मळ्यातली चिकणमाती आणून पायांनी मळत होतो. तळी सुधारली, पण पूर्वीसारखी नाहीच.

सिंधुदुर्गातलं धामापूरचं तळं तुम्ही पाहिलं असेल. १५३० सालचं मानतात, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तिथल्या मातीच्या बांधाकडे आणि काठाच्या झाडीकडे बघा. एवढी वर्षं पाणी टिकलं त्यात तळाशी आणि बांधात केलेल्या मातीच्या कामाचा वाटा किती असेल याचा विचार करा, आणि मग मशीनवाल्याला फोन करायचा की नाही ते ठरवा.

म्हणजे गाळ काढायचाच नाही का? काढायचा. पण पोकळ गाळ, वरचा, पातळ, काळपट, वासाचा. घमेल्याने आणि फावड्याने. खाली बोट रुततं पण पाय रुतत नाही असा चिवट पिवळट-करडा थर लागला की थांबायचं. हे काम मार्गशीर्षापासून पाणी उतरेल तसं काठाकडून आत करत जायचं, एका वर्षात अख्खी तळी करायची नाही. निघालेला गाळ माडांच्या आळ्यात घाला, माड नाव काढतील.

कुमुदिनी काढायची वेळ वेगळी, आणि ती महत्त्वाची. आषाढ ते भाद्रपद हात लावू नका. त्या दिवसांत पानांवर कमळपक्षी घरटं करतो. ठाण्याहून गेलात की पहाटे पायरीवर अर्धा तास नुसते बसा. लांबच लांब बोटांचा, कोंबडीपेक्षा लहान पक्षी पानांवरून चालताना दिसला तर तोच. घरटं म्हणजे पानांवर ओढलेल्या चार काड्या, त्यावर तपकिरी, चकचकीत, काळ्या गिरगोट्यांची अंडी, बहुतेक चार. उबवायला नर बसतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, गावातल्या बायकांना हे सांगितलं की त्या फार खूश होतात. पानांच्या खाली त्याच वेळी बेडकांची पिलावळ, चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या, गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट लोळे, सगळं चाललेलं असतं. हे दिवस जाऊ द्या.

दिवाळीनंतर, पिल्लं मोठी झाली की काढा. पानं सडायच्या आत काढली तर त्यांनी तळीतून ओढून घेतलेलं खतही त्यांच्याबरोबर बाहेर जातं. तळीतच सडू दिलीत तर ते पाण्यात परत जातं, आणि सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडतात. तणनाशक मारायचा सल्ला कोणी दिला तर त्याला हेच सांगा. एकदम मेलेली एवढी पानं एकदम कुजतात. शिवाय तळीच्या खालच्या अंगाला कोणाच्या ना कोणाच्या विहिरी असतातच.

पद्धत अशी. कोयत्याने किंवा पंजाने वरवर पानं कापायची नाहीत. मघाची ती गाठ आठवा. गाठीसकट तुटलेलं पान पाण्यावर तरंगत राहिलं की गाठीतून मुळं फुटतात आणि तिथे नवं रोप तयार होतं. वरून छाटलेली तळी दोन महिन्यांत पूर्वीपेक्षा दाट झालेली मी पाहिलीय. म्हणून कंबरभर पाण्यात उतरायचं, देठाच्या मागोमाग हात खाली न्यायचा, चिखलातलं आडवं खोड बोटांनी सैल करून अख्खं झाड काढायचं. मागे दोन माणसं जुनं जाळं धरून तुटकी पानं गोळा करत चालतील. काढलेला ढीग त्या रात्री काठालगतच ठेवायचा, त्यातले बेडूक, गोगलगायी, अळ्या सरपटत पाण्यात परत जातात. सकाळी उचलून खड्ड्यात, शेणकाल्याबरोबर. ढीग डोंगराएवढा दिसतो, आठवड्यात गुडघ्याएवढा उरतो, सगळं पाणीच असतं.

किती काढायचं? पायऱ्यांसमोरचा भाग पूर्ण मोकळा करा, तिथून मध्यापर्यंत रुंद पट्टा मोकळा करा. पऱ्या जिथे तळीत शिरतो त्या तोंडाशी आणि समोरच्या काठाला झाडं ठेवा. तोंडाशी ती आलेला गाळ अडवतात आणि तो मध्यापर्यंत जात नाही. एकूण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पानं राहिली तर मला समाधान वाटतं. हा माझ्या डोळ्यांचा अंदाज आहे, पट्टीचा नियम नव्हे. सगळी काढली तर काय होतं तेही पाहिलंय. ऊन थेट पाण्यात उतरतं, खत तर असतंच, आणि चैत्रापर्यंत पाणी शेवाळाने हिरवंगार, पायरीवर पाय ठरत नाही. तेव्हा लोक म्हणतात, पूर्वीच बरं होतं.

दोन सूचना जीवावरच्या आहेत. एकट्याने उतरू नका. लांब देठ पायांत गुंडाळले की पोहणाऱ्याचाही धीर सुटतो. आणि पायाला जखम, भेग असेल तर उतरूच नका. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप, आपल्याकडे नवा नाही. आधी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

देवळाची तळी आहे, तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी गुरवाकरवी रीतसर गाऱ्हाणं घाला. हे मी श्रद्धेपोटी कमी आणि व्यवहारापोटी जास्त सांगतोय. गाऱ्हाण्याला मानकरी जमतात, सगळ्यांसमोर काय काढणार, काय ठेवणार ते बोललं जातं, आणि ‘हात लावायचा नाही’ म्हणणारा तटही कामाला उभा राहतो.

डासांचं थोडक्यात. डेंग्यूचा डास तळीत वाढत नाही. तो वाढतो पडवीतल्या उघड्या पिंपात, करवंटीत, रबराच्या झाडाला बांधलेल्या वाटीत. मलेरियाच्या डासाच्या काही जाती काठाच्या गवतात, साचल्या कडेला वाढतात, म्हणून पाण्यात लोळलेलं काठाचं गवत कापा, तो उपाय खरा. मोकळ्या तरंगणाऱ्या जलपर्णीचं भय वेगळ्या कारणाने आहे. मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या तिच्या लोंबत्या मुळांना टोचून आतली हवा घेतात, वर यायची त्यांना गरजच पडत नाही, मग मासे त्यांना गाठणार कसे? हा डास हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा वाहक आहे. म्हणून जलपर्णी किंवा तिच्यासारखंच मोकळं तरंगणारं गोंडाळ, याचं एक जरी रोप दिसलं तरी काढाच, तिथे तिसरा हिस्सा वगैरे काही नाही, पोषक पाण्यात जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. कुमुदिनीच्या पानांखाली लपून अळ्या खाणारे मासे आपले आहेतच. डोक्यावर चंदेरी टिकली चमकणारा बोटाएवढा मासा पृष्ठभागालगत स्थिर उभा दिसेल, तो असेल तर गप्पी आणून सोडू नका. गप्पी परदेशी, एकदा शिरला की निघत नाही.

तसंच मत्स्यालयाच्या दुकानातली कुठलीच झाडं तळीत टाकू नका, गावात कोणाला तरी हौस असतेच. २०२० मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यात आवळापांडीला अख्खा ओढा गुलाबी फुलांनी भरला, बघायला गर्दी लोटली. ते कॅबोम्बा होतं, मत्स्यालयांतून पसरलेलं बाहेरचं झाड. फोटो छान आले.

आता तुमची गॅलरी. पहिला प्रश्न उन्हाचा. पाच-सहा तास थेट ऊन येत नसेल तर नाद सोडा, पानं येतील पण फूल नाही. ऊन असेल तर फूट-दीड फूट खोल, पसरट टब घ्या. तळाशी मळ्यातली चिकट माती, चार-पाच इंच, त्यावर वाळूचा पातळ थर. कुंडीत घालतो ते कंपोस्ट इथे नको, पाणी नासतं. पाणी भरून दोन दिवस निवळू द्या. डासांसाठी ते टिकलीवाले चार मासे गावच्या वहाळातून आणा, टब पुरतो त्यांना.

रोप उपटून न्यायची गरज नाही. मघाची तीच गाठ. जरा जून, निरोगी पान निवडा, ज्याच्या देठावर कळ्यांचा घोस आलाय असं. घोसाच्या खाली चार बोटं देठ ठेवून कापा. घोसातल्या उघडलेल्या कळ्या खुडून टाका, गाठ शाबूत ठेवा. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात, वर झाकण अर्धवट. रात्रीच्या गाडीने नेलंत तरी सकाळपर्यंत काही होत नाही, एसटीच्या टपावर मात्र टाकू नका. टबात पान तसंच तरंगत सोडा, पुरायची घाई नको. दोन-तीन आठवड्यांत गाठीखाली पांढरी मुळं लोंबायला लागतील आणि करंगळीच्या नखाएवढं पहिलं नवं पान दिसेल. मग गाठ मातीत हलकेच दाबून वर एक गुळगुळीत गोटा ठेवा, नाहीतर मासे उपटून टाकतात. दोन पानं न्या, दोन वेगवेगळ्या जागची, आणि नेताना भिंगाने फुलं बघून एक लांब काडीचं, एक आखूड काडीचं असं निवडता आलं तर बघा.